दोन्या झेल्दाच्या हातची भेट

डिसेंबरचा उन्हाळा लागला की लास अकासियास गावातली कुत्री गटाराच्या ओलीत जाऊन पडतात आणि झेल्दा स्पिवाक, म्हणजे गावाच्या तोंडी दोन्या झेल्दा, झेल्दाबाई, आपल्या खिडक्यांवर बर्फ चिकटवायला घेते. बर्फ म्हणजे कापूस. पिठाची खळ शिजवायची, काचेच्या कडेकडेने फासायची आणि कापसाचे पुंजके दाबून बसवायचे. खऱ्या बर्फाचं तिने आयुष्यात तोंड पाहिलेलं नाही. पण बेसाराबियाहून आलेली तिची आई सांगायची की हनुका, हा आठ रात्री दिवे लावायचा ज्यूंचा सण, म्हणजे दारात गुडघाभर बर्फ, आणि आईचा शब्द झेल्दा मोडत नाही. बाकी सगळ्यांचे मोडते. खळीला मुंग्या लागतात. संध्याकाळपर्यंत अर्धा बर्फ काळा होऊन चालायला लागतो.

बर्फाच्या आत काचेवर पांढऱ्या कागदाचं कातरकाम. सिंह, हरणं, द्राक्षाचे वेल, सात फांद्यांचं दीपझाड, सगळं एका कागदात, कुठेही न तुटता. हे तिचे वडील शिकवून गेले. ते गावचे कसाई होते, त्यामुळे कात्री-सुरीचा हात घराण्यातच होता. एन्त्रे रिओसच्या त्या भागात असं घर दुसऱ्या कोणाचं सजत नाही, हे तिचे शत्रूही मान्य करत. शत्रू म्हणजे साधारण सगळं गाव.

पण गाव तिच्या घरी यायचं ते सजावटीला नाही, भेटींना. बाकीच्या घरांत हनुकाला पोरांच्या हातावर नाणी ठेवत. झेल्दा म्हणे, नाणं काय, बँकसुद्धा देते. ती वर्षभर स्वतःच्या हातांनी भेटी करायची, माणूस बघून. कापडवाल्या गुटनिकला तिने मऊ कातड्याचं पाकीट शिवून दिलं होतं, टाके असे की बघत राहावं. फक्त ते चारी बाजूंनी शिवलेलं होतं. “तुम्हाला उघडायची गरजच कुठे पडते?” ती म्हणाली. सिनॅगॉगमध्ये प्रार्थना बेसूर गाणाऱ्या हजानच्या बायकोला भर उन्हाळ्यात लोकरीची कानपट्टी. शेजारीण पोला राबिनर, जिच्या तोंडात तीळ भिजत नसे, तिला रेशमी दोऱ्याने विणलेलं वासराचं मुसकं. पोला आठवडाभर रडली आणि पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्या रांगेत येऊन बसली. कारण सोपं होतं. झेल्दाची भेट मिळणं वाईट, पण न मिळणं त्याहून वाईट. भेट नाही म्हणजे तुमच्यात टोचण्यासारखंही काही नाही.

हे सुरू कसं झालं तेही गावाला ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हा झेल्दा घरात वर मान करून बोलत नसे. सासू दिवसभर खुर्चीत बसून “मला मेलीला बसायला सवड नाही” असं म्हणायची. त्या हनुकाला झेल्दाने सासूला एक उशी भरतकाम करून दिली, नेमकी बुडाच्या मापाची. पाहुण्यांत आधी चिडीचूप. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळे हसले. त्या गावात पहिल्यांदाच कोणी तिच्या बाजूने हसत होतं. नवरा नाऊम सोडून. तो हसला नाही, आणि पुढे तो मरेपर्यंत तिच्या भेटी बघायला खोलीत थांबला नाही.

आता नाऊम नव्हता, सासू नव्हती, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. यंदाच्या कातरकामात एका सिंहाचा पाय तुटला. तिने तो खळीने जोडला आणि कोणाला सांगितलं नाही. त्याआधी थंडीत ती अंगणात घसरून पडली होती आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून राहिली होती. हेही कोणाला सांगितलं नव्हतं, पण दूधवाल्याने सांगितलं.

मग मुलाचा, बेर्नार्दोचा, निरोप आला. तो रोसारियोला दात उपटायचा. म्हणजे डॉक्टर होता, पण झेल्दा तसंच सांगायची. हनुकाला येतोय, बायको लिदियाही येतेय, थोडं बोलायचं आहे. काय बोलायचं ते पोलाने आधीच आणलं. तिची बहीण रोसारियोत त्याच गल्लीत राहायची.

“मागची खोली रंगवलीये म्हणे,” पोला म्हणाली. “पलंग टाकलाय. खिडकीला पडदा. दोन्या झेल्दा, तुम्हाला न्यायला येतायत!”

“मला? मी काय कपाट आहे, उचलून न्यायला?”

“म्हणजे जाणार नाही?”

“विचारू तर दे त्यांना आधी.”

पण दुसऱ्या दिवशी तिने आपल्या कोंबड्या पोलाकडे ‘चार दिवस सांभाळ’ म्हणून नेऊन सोडल्या. चार दिवसांसाठी कोणी खुराडं धुऊन पालथं घालत नाही. त्या घरात एकटीने आणखी एक हिवाळा काढायची तिची छाती नव्हती, आणि ते बोलून दाखवायची तर मुळीच नव्हती. म्हणून ती विणत होती. लिदियासाठी शाल, राखाडी लोकर, कडेने पानं. एका डोळ्याने, बोटांनी टाके चाचपत. त्या शालीत टोमणा नव्हता. तिने चारही कोपरे उलटसुलट करून पाहिले, खरंच नव्हता. तिला जरा अस्वस्थच वाटलं.

आणि कपाटाच्या खणात एक लाळेरंही होतं. ते जुनं, निरोप यायच्या आधी केलेलं. बेर्नार्दोच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि सुनेची कूस रिकामी होती. लाळेरं तागाचं, बारीक लेस लावलेलं, आणि वर लाल दोऱ्याने भरलेलं: ‘मालकाचा शोध चालू आहे.’ काम सुरेख झालं होतं. तिच्या सगळ्या कामात ते उजवं होतं, आणि ते कोणी पाहिलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने शाल टोपलीत ठेवली आणि लाळेरं एप्रनच्या खिशात. द्यायचं म्हणून नव्हे. असू दे म्हणून.

खोली माणसांनी गच्च भरली. मेणबत्त्या दिवसभर बर्फाच्या पेटीत ठेवल्या होत्या, तरी लावल्या लावल्या माना टाकायला लागल्या. ज्योत विझेल म्हणून पंखा बंद. सगळे घामाने निथळत बटाट्याचे तळलेले लात्के खात होते, तेल कुठलं आणि घाम कुठला कळत नव्हतं. मेणबत्त्या जळत आहेत तोवर बायकांनी हातात काम घ्यायचं नाही असा रिवाज आहे. जिभेबद्दल रिवाजात काही म्हटलेलं नाही.

लिदिया खिडकीजवळ बसली होती. शहरी, सडपातळ, कमी बोलणारी. आल्याबरोबर ती सासूला म्हणाली होती, “आई, सिंह किती सुंदर झालेत!” आणि ज्याच्यावर बोट ठेवलं तो नेमका तुटक्या पायाचा. झेल्दाला ती आवडायला लागली होती. हे नवीनच होतं.

भेटी सुरू झाल्या. बेकरीवाले लेइझर, ज्यांचा पाव दरवर्षी बारीक होत चालला होता, त्यांना तिने पाव झाकायला विणलेलं फडकं दिलं. ते काडेपेटीवर नीट बसलं असतं.

“डॉन लेइझर, सैल होईल का हो?”

“पुढल्या वर्षी होईल!” मागून गुटनिक ओरडला, आणि खोली कोसळली. लेइझरही हसले, न हसून सांगतात कोणाला? मग गुटनिकची पाळी आली, मग हजानची. प्रत्येक भेटीला हसू वाढत गेलं. झेल्दाच्या गालांवर रंग चढला. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत असल्यासारखं वाटायला लागलं.

“आता सूनबाई!” कोणीतरी म्हणालं. खोली शांत झाली. ही शांतता झेल्दाच्या ओळखीची होती. हसण्यासाठी छातीत भरून घेतलेल्या श्वासाची ती शांतता.

तिने टोपलीत हात घातला. शाल हाताला लागली.

“यंदा सुनेला काय, गोडाचं दिसतंय,” पोला शेजारणीच्या कानात म्हणाली. पोलाचं कानात म्हणजे अंगणात ऐकू जाईल असं. “खोली मिळणार ना! म्हातारी मऊ पडली गं.”

कोणीतरी खुदकन हसलं, पण झेल्दाच्या बाजूने नाही.

हात टोपलीतून बाहेर आला, रिकामा. मग तो एप्रनच्या खिशात गेला.

“घे गं बाई,” ती लिदियाला म्हणाली. “माप माहीत नव्हतं. कोणी दिलंच नाही.”

लिदियाने लाळेरं उलगडलं. जवळच्यांनी अक्षरं वाचून मागच्यांना सांगितली आणि हसण्याची लाट उठली. ती अर्ध्यावर गेली असेल नसेल, तोच लिदियाचा हात पोटावर गेला. झाकायला जातो तसा. खोलीतल्या बायकांनी तो हात पाहिला, आणि पुरुषांनी बायकांची तोंडं पाहिली.

मूल जन्माला येईपर्यंत त्याच्या नावाचा धागासुद्धा घरात येऊ द्यायचा नाही, हे लास अकासियासमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पाळणा ठरवायचा तो दुकानातच ठेवायचा. टोपरं, दुपटं, काही नाही. आधी आणलं की दृष्ट लागते. झेल्दाला हे सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. गुटनिकच्या बायकोने घाई करून लंगोट शिवले तेव्हा तिनेच ते चुलीत घातले होते. पण हे लाळेरं तिने मूल येणार नाही म्हणून केलं होतं. न येणाऱ्या मुलाला कसली दृष्ट?

हजानची बायको तीनदा थुंकली, थू थू थू. कोणीतरी पंखा लावला आणि मेणबत्त्या विझल्या.

“लिदिया,” बेर्नार्दो उठला.

लिदिया रडली नाही. तिने लाळेरं टेबलावर ठेवलं, बोटं रुमालाला पुसली. “याआधी दोनदा गेलं,” ती कोणाकडेच न बघता म्हणाली. “आज तुम्हाला सांगणार होतो, आई. सगळे गेले की.”

आता झेल्दाने गप्प बसायला हवं होतं. तिला ते कळतही होतं. पण खोलीभर माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि इतकी शांतता तिला कधीच सहन झाली नव्हती.

“अगं, मग आधी सांगायचंस!” ती म्हणाली. “सोबत टोपरंही केलं असतं.”

गुटनिक हसला. सवयीने. एकटाच.

सकाळी बस यायच्या आधी बेर्नार्दो स्वयंपाकघरात आला. लिदिया बाहेर बॅगेवर बसली होती, घराकडे पाठ करून.

“खोली तुझ्यासाठी होती,” तो म्हणाला.

“माहीत होतं मला.”

“माहीत असून?”

“माणसं बसली होती रे, बेर्ल.”

त्याला लहानपणापासून दुसरं कोणी बेर्ल म्हणत नसे. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, दाढ ठेवायची की काढायची ठरवताना बघत असेल तसा. “ती म्हणते, मूल होईपर्यंत नको.”

“आणि झाल्यावर?”

त्याने खिडकीतला कापूस बोटाने दाबला. मुंग्या पांगल्या.

तिने शाल पुढे केली. “ही तरी ने. हिच्यात काही नाही. बघ, चारही कोपरे बघ.”

“तुझ्या हातचं काहीही ती आता घरात घेणार नाही, आई,” तो म्हणाला. “आणि खरं सांगू? मलाही भीती वाटते.”

बस गेली. संध्याकाळी पुढची मेणबत्ती लावायची होती, आणि झेल्दाला वाटलं आज कोणी फिरकणार नाही. पण माणसं आली. आदल्या दिवशीपेक्षा जास्त आली. बातमी शेजारच्या गावापर्यंत गेली होती. खुर्च्या पुरेनात म्हणून गुटनिकने दुकानातलं बाकडं आणलं. सगळे “कसं झालं हो” अशा चेहऱ्याने बसले आणि टोपलीकडे बघत राहिले. झेल्दाने भेटी वाटल्या. लोक हसले. पोलाने कोंबड्या परत आणल्या, दोन कमी. “कोल्हा,” ती म्हणाली, आणि तिच्या अंगाला कांदा-रश्श्याचा वास येत होता.

उन्हाळा सरला, आणि मे महिन्यात एका सकाळी झेल्दा पाव आणायला लेइझरच्या बेकरीत गेली. गर्दी होती. ती आत आली तशी बोलणी थांबली. लेइझर हात पुसत पुढे आले. गावातला टेलिफोन त्यांच्याच बेकरीत होता.

“दोन्या झेल्दा, बेर्नार्दोचा फोन आला होता. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.”

“कधी?”

लेइझरनी बायकोकडे पाहिलं. “झाले काही दिवस. तुम्हाला... म्हणजे, कळवायला हरकत नाही असं म्हणाला. आजच म्हणाला.”

कोणी पाव मागेना, कोणी बाहेर जाईना. पोला तर भट्टीला चिकटूनच उभी होती. सगळ्यांनी श्वास भरून घेतला होता.

झेल्दाने पिशवीचे बंद घट्ट धरले. तिच्या तोंडात काहीतरी होतं; ते काय होतं ते कधी कोणाला कळलं नाही, कारण तिने गिळलं आणि दुसरंच बोलली.

“नाक कोणासारखं आहे?” तिने विचारलं. “आईसारखं असेल तर पाळणा मोठा लागेल.”

बेकरी हसली. लेइझर काउंटरला धरून हसले, पोलाने डोळे पुसले. झेल्दाने पाव पिशवीत टाकला, सगळ्यांना मान हलवली आणि ताठ पाठीने घरी गेली. ती घराचं फाटक उघडत होती तेव्हा पोला बेकरीतल्या टेलिफोनवर रोसारियोला, बेर्नार्दोच्याच गल्लीतल्या बहिणीला ओरडून सांगत होती, नाकापासून पाळण्यापर्यंत, एकही शब्द न गाळता.