शून्यावरचे गार्डसाहेब

निवृत्तीनंतर माझे गुडघे बोलायला लागले, तेव्हा लेकीनं फोनमध्ये चालणं मोजणारं अ‍ॅप टाकून दिलं. पूर्णेतल्या आमच्या गल्लीतली आम्ही पाच म्हातारी माणसं त्यात एकमेकांना दिसायचो. नियम मी केला. सगळी नोकरी शाळेत गेल्यावर नियम केल्याशिवाय चैन पडत नाही. संध्याकाळपर्यंत ज्याच्या नावापुढे शून्य, त्याच्या घरी बाकीच्यांनी जायचं आणि त्याला बाहेर काढायचं.

शून्य कायम एकाचंच असायचं, गार्डसाहेबांचं. रेल्वेत गार्ड होते. बायको गेल्यापासून एकटे, मुलगा पुण्याला. साखर इतकी वाढलेली की परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, चालला नाहीत तर पाय गमवाल. त्यामुळे आम्ही इमानेइतबारे जायचो. ते दारातच उभे असायचे. चपलेचा अंगठा तुटलाय, उद्या नक्की, असं म्हणत सुशीला, म्हणजे आमच्याकडचा कुरमुऱ्यांचा उपमा, बशांत भरून पुढे करायचे. कुरमुरे छान मऊ भिजवलेले, वर दाण्याचा कूट. मग चहा. त्यांना चालवायला गेलेलो आम्ही चौघं खाऊनपिऊन, गाड्यांच्या गोष्टी ऐकून परत यायचो. त्यांचं शून्य हलायचं नाही. वजन माझं वाढलं.

मला त्यांचा राग यायचा. चार माणसांनी रोज उंबरा झिजवायचा आणि यांनी कुरमुरे भिजवत बसायचं. रागापेक्षा भीती जास्त होती. पाय गेला तर या माणसाकडे बघणार कोण, हे मला रोज झोपताना आठवायचं.

तपासणीच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर परभणीला गेले. डॉक्टरांसमोर त्यांची तक्रार करायची, असं ठरवूनच. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, साखर चांगली उतरलीय, असंच चालत राहा. मी गार्डसाहेबांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

परतीच्या गाडीत पिंगळी स्टेशन मागे पडलं. मग ते म्हणाले, "फिरतो की बाई. रोज पहाटं. लय लांब जातो."

"मग फोनमध्ये दिसत कसं नाही?"

"फोन घरीच ठेवतो. फिरलेलं दिसलं तर तुमी कशाला येताल?"

 मी खिडकीकडे तोंड करून बसले. फार वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मी नियम बदलला. आता पहाटे सगळे गार्डसाहेबांकडे जमतो, पाचही फोन त्यांच्या पलंगावर ठेवतो आणि मग चालायला निघतो. अ‍ॅपमधली आमची शून्यं बघून लेक विचारते, आई, तुम्ही सगळे हल्ली घरातच बसून असता का? मी सांगते, अ‍ॅप बिघडलंय. फोन घ्यायला मात्र प्रत्येकाला परत त्यांच्या घरी जावंच लागतं.