आधी चूळ

बेकरीतल्या मावशींच्या जिभेवर पांढरे चट्टे उठले, तेव्हा मालकाने कपाळाला आठ्या घातल्या. "कणकेतलं यीस्ट तोंडात उगवलंय! गिऱ्हाइकं पळतील. उद्यापासून येऊ नका."

वीस वर्षं उडतं पीठ छातीत गेल्याने मावशींना दमा जडला होता. रोज सकाळ-संध्याकाळ त्या पंप ओढायच्या आणि पाव करपायला नको म्हणून तशाच भट्टीकडे धावायच्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पावाच्या यीस्टचा काही संबंध नाही. पंपाचं औषध तोंडात राहतं, म्हणून ही बुरशी धरली. हे थेंब पूर्ण दोन आठवडे घ्या आणि पंपानंतर चूळ भरायचीच."

दुसऱ्या दिवशी मावशी वेळेवर हजर. भर गर्दीत त्यांनी मालकापुढे जीभ बाहेर काढली. "बघा नीट! पीठ माझ्या छातीत जात होतं, तेव्हा कुठे गेली होती तुमची किळस?"

मावशींनी पंप ओढला आणि नळ सोडला. तेवढ्यात आतून जळका वास आला.

"मावशी, पाव करपतायत! धावा!" मालक ओरडला.

मावशींचं तोंड पाण्याने भरलेलं होतं. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि सावकाश दुसरी चूळ भरली.