सगळ्यात लहान गमबूट

पौषात सावद्याकडे जाऊ नकोस, असं मला मी शिकवते त्या शाळेतल्या बायकांनी बजावलं होतं. थंडी फार, वाट वाईट, आणि बहिणीच्या सासरी न बोलावता जाणं शोभत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. तरी गेले, कारण माझी धाकटी बहीण द्वारका गेल्या हिवाळ्यात पायांनी अंथरुणाला खिळली होती.

सावद्याजवळच्या खेड्यात तिच्या सासरची केळीची बाग आहे. पहाटे नवरा मोट हाकतो आणि ही गुडघाभर काळ्या चिखलात उभी राहून वाफ्यावाफ्यात पाणी वळवते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, टाचेची भेग चिघळली, ताप चढला. वैद्य म्हणाले, पुन्हा असं झालं तर पाय हातचा जाईल. सासरचे म्हणाले, केळीला पाणी तर द्यावंच लागतं. कुणाचं ऐकलं गेलं ते सांगायला नको.

म्हणून मी ठरवलं, गिरणीतले लोक घालतात तसे रबरी गमबूट तिला नेऊन द्यायचे. दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा जुन्या वर्तमानपत्रावर तिचा पाय ठेवून पेन्सिलीने रेघ काढली होती आणि तो आकार कापून घेतला होता. तो कागदी पाय पिशवीत घालून धुळ्याहून भल्या पहाटे निघाले. बायकांचा डबा बायकांपेक्षा गाठोड्यांनीच भरला होता. एक म्हातारी मला न्याहाळत म्हणाली, "कोठे चालनी व माय, इतली थंडीमा?"

"बहिणीकडे. तिला बूट घ्यायचेत."

"बाईले बूट?" ती इतकी हसली की शेजारणीचं मूल जागं झालं. चाळीसगावाला गाडी बदलावी लागते, आणि तिथला चहा म्हणजे गरम पाणीच, त्यामुळे घरून दशम्या घेऊन निघा.

जळगावला उतरून स्टेशनाबाहेर मेहरूणची बोरं घेतली. प्रवासात मनाजोगती झालेली तेवढी एकच गोष्ट. मग चपला-बुटांच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी माझ्या मागे कुणी पुरुष येतो का ते पाहिलं. कुणी येत नाही म्हटल्यावर नाइलाजाने बोलू लागला.

घेणाऱ्यांनी एवढं पाहावं. घोट्याजवळ बूट वाकवावा. रबर जुनं असेल तर बारीक चिरा दिसतात. आत पाणी ओतून उभा करावा आणि बाहेरून हात फिरवावा. तळाच्या खाचा फार खोल नसाव्यात, नाहीतर आपली काळी माती त्यात बसते आणि एकेक पाय मणाचा होतो. मी दुकानातच तांब्या मागवला तेव्हा दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तरी पुढे तो बोलला ते रास्तच होतं.

"बाई, एक नंबर मोठाच घ्या. थंडीत आत जाड मोजा लागतो."

"तुमच्याकडे सगळ्यात लहान कुठला आहे?"

"आहे एक जोड. पण तो कुणालाच होत नाही, म्हणून तर पडून आहे."

"म्हणूनच तो द्या."

त्याने माझ्याकडे वेड्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. त्याला काय सांगणार? दोन वर्षांपूर्वी द्वारकेला लोकरीची शाल पाठवली, ती तिच्या सासऱ्यांच्या, आबांच्या, खांद्यावर गेली. मग कापडी बूट पाठवले, ते घालून तिचा नवरा लोटूभाऊ बाजाराला मिरवून आला. त्या घरात चांगली वस्तू ज्याला होते त्याची होते. कागदी पाय बुटात सरकवला. जेमतेम बसला.

सावदा स्टेशनावरून पुढे बैलगाडी. गाडीवाला भाडं सांगतो त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे पाट फुटून झालेला चिखल. पोचेपर्यंत हाडं खिळखिळी झाली.

संध्याकाळी ओसरीवर बूट काढले. "आमच्या द्वारकेसाठी," असं मोठ्याने, दोनदा म्हटलं. द्वारका डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होती. लोटूभाऊंनी लगेच पाय घातला. बोटांपुढे काही गेलं नाही. मला मनातून असा आनंद झाला की विचारू नका.

पण सासूबाईंनी नवीच काडी घातली. "बाईमानसानं आबांच्या समोर पायात घालून फिराचं? लोकं काय म्हनतीन?" हे मी विसरलेच होते. तिथे सुना वडीलधारा माणूस दिसला की चप्पल काढून हातात घेतात. आणि चप्पल काढता येते. चिखलात रुतलेला गमबूट कसा काढायचा?

"पाहू दे मले," आबा म्हणाले. म्हातारपणाने पाय वाळून काटकी झालेला. तो घोट्यापर्यंत गेला, टाच अडली, आबांनी दात खाऊन जोर दिला आणि बूट चढला! मला ती शाल आठवली. आबा ओसरीवर दोन पावलं चालले, प्रसन्न झाले, आणि काढायला खाटेवर बसले. बूट निघेना.

लोटूभाऊंनी ओढला तर बुटाबरोबर अख्खे आबा खाटेवरून सरकले. सासूबाईंनी शेजारच्यांना हाक मारायचं म्हटलं तर आबा ओरडले, "नको! कोनाले बलावू नको!" शेवटी द्वारका पुढे आली. साबणाचं कोमट पाणी बुटात ओतलं, टाच धरून हळूहळू फिरवली. पाय सुटला. पाणी मात्र बुटातच राहिलं, थेंब बाहेर आला नाही. एवढी परीक्षा मी दुकानातही घेतली नव्हती.

आबा पाय चोळत म्हणाले, "गावात कोनाले सांगू नका."

"नही सांगत, आबा," द्वारका मान खाली घालून म्हणाली. "पन सकाई मी हे घालूनच पान्यावर जाईन."

आबांनी बुटाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "जाय. पन गावातून घालून येऊ नको."

"बागंतच काढीन."

सकाळी धुक्यात बागेत गेले. ती वाफ्यात उभी होती, अंगावर विटकं लुगडं, पायांत गमबूट. मी विचारलं, "पाय?" "कोरडे, अक्का," म्हणाली, आणि रडू आलं ते मला.

निघताना गाडीपाशी सासूबाई आल्या. पदराखालून केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, एक तुकडा काढून माझ्या हातात कोंबला. त्यावर कोयत्याने पावलाचा आकार कापला होता. अंगठा पार आत वळलेला, टाच रुंद. "माहा पाय वाकडा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाले होनार नही."

आता धुळ्याला परत आले आहे. सोपट वाळून आक्रसलं आहे, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं आहे. "लोकं काय म्हनतीन" म्हणणाऱ्या त्या बाईला मी ओसरीवर बसून मनात जे जे म्हटलं, त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. चाळीस हिवाळे तीही त्याच चिखलात उभी होती आणि सुनेलाही तिथेच उभं करत होती. तरी सुट्टी लागली की जळगावला जाईन. त्या दुकानदाराला पुन्हा विचारीन, कुणालाच होत नाही असा आणखी एखादा जोड आहे का.