धारेपाशी बसलेली मी

“गोडाला श्रीखंडाचे डबे आणू. संच्याचं आईस्क्रीम कोण करीत बसनार आता? तो तर भंगारातच जायचा हाय.”

वहिनी, म्हणजे नीलेशदादाची बायको, हे पडवीत बसून म्हणत होत्या आणि मी आत ओट्यापाशी कांदे चिरत होते. काकीला जाऊन बारा दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी तेरावं, सुतक फिटल्यावरचं गोड जेवण. वहिनींच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. माणसं चाळीस, घरातलं पातेलं एक, आणि बारा दिवस त्या एकट्या सगळं ओढत होत्या. तरी सुरी माझ्या हातात तशीच थांबली. मी बाहेर जाऊन ‘नको’ म्हणायला हवं होतं. नाही गेले. मग काकीचा मुलगा, नीलेशदादाच म्हणाला, “आईला श्रीखंड आवडत नव्हतं. चिकूचं आईस्क्रीम करू. शेवटचं.”

“करा. पन उद्या झालं का परवा भंगारवाला,” वहिनी म्हणाल्या. मी पुन्हा कांदे चिरायला लागले. तेवढं कारण बरं होतं.

सुमतीकाकी म्हणजे माझ्या बाबांची मोठी वहिनी. चिंचणीला त्यांची चिकूची वाडी. आम्ही बोईसरला, बाबांच्या कारखान्यामुळे. दर मे महिन्यात मला तिकडे सोडून दिलं जायचं आणि पहिल्या दिवशी काकी पडवीच्या माळ्यावरून संचा काढायची. एडवणहून, माहेराहून आणलेला. लाकडी बादली, तिच्या आत जर्मनचा उंच डबा, डब्यात लाकडी पातं आणि वर फिरवायचा दांडा. काका बंदरावर जाऊन बोटींसाठी येतो तो बर्फ पोत्यात घालून आणायचे. काकी तो पोत्यातच मोगरीने फोडायची, आणि मग डब्याभोवती एक थर बर्फ, एक मूठ जाडं मीठ, पुन्हा बर्फ... तो आवाज, तो गारवा, आम्हा सगळ्या भावंडांची दांड्यासाठी चाललेली मारामारी! काकी स्वतः आमच्यापेक्षा लहान व्हायची. “फिरव रे, फिरव, झोपलास का?” म्हणत टाळ्या वाजवायची. दूध सकाळीच आटवून विहिरीच्या पाण्यात गार करत ठेवलेलं असायचं, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय ती चिकूला हात लावू द्यायची नाही.

मी इंग्रजी शाळेतली. माझं मराठी तेव्हा पुस्तकी आणि अडखळतं होतं. पहिल्याच वर्षी मी वाटी पुढे करून विचारलं होतं, “मला अजून एक स्कूप मिळेल का?” पुढचा सगळा महिना भावंडांनी मला तेवढंच वाक्य परत ऐकवलं, माझ्याच आवाजात. काकी कालथ्याने वाढायची, तिच्याकडे कसला स्कूप! पण तिने माझ्या वाटीत दोन कालथे घातले आणि त्यांना म्हणाली, “हसता काय रं? मागायची लाज नाय तिला, तुमी तर हिसकावून खाता.” तेव्हापासून ती मला स्कूपबाय म्हणायची. मी मात्र त्यानंतर काही मागितलं नाही. बघत बसायचे.

म्हणूनच एकदा चूक झाली. मी नऊ वर्षांची होते. काकांची साठी होती, वाडीतली सगळी माणसं जमलेली. बादलीच्या अंगाला वरच्या बाजूला एक भोक असतं. बर्फ वितळला की खारं पाणी त्यातून धार धरून बाहेर पडतं. एकदा सुरू झालेली धार सुरूच राहायला हवी. ती थांबली तर भोकात बर्फाचा तुकडा अडकलेला असतो, पाणी आतल्या आत चढतं आणि झाकणातून डब्यात शिरतं. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. पण धार थांबलेली मी पाहिली होती. आता काहीतरी बिघडलं, हेही कळलं होतं. मोठी मुलं ओरडून फेऱ्या मोजत होती, आणि मी मनात वाक्य जुळवत राहिले. ‘पाणी येत नाही’ की ‘पाणी पडत नाही’? जुळेपर्यंत डबा उघडला.

पहिला घास काकांनी घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. दुसरा दादाने, तो तर अंगणात थुंकायलाच पळाला. काकीने एक चमचा चाटला, सगळ्यांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “दर्या इतका जवळ हाय, आला असंल आत.” सगळे हसत सुटले. मग तिने घाईघाईने शहाळी फोडायला लावली.

संध्याकाळी ती विहिरीवर डबा घासत होती, तेव्हा मी जाऊन सांगितलं. अगदी हळू. मला धार थांबलेली दिसली होती. मला वाटलं ओरडेल. तिने घासणं थांबवलं, राख हातात तशीच.

“बगितलंस तू? सगळ्यांचा डोळा दांड्यावर, आन तू धार बगत व्हतीस?” तिला इतका आनंद झाला की मला काही समजेना. “मंग आजपासून धारेपाशी तू. थांबली का मोठ्यानं ओरडायचं.”

मी ओरडले नाही. कधीच नाही. काकीच्या डाव्या हाताला बसायचे आणि धार बारीक झाली की तिचा पदर ओढायचे. ती “थांबा!” म्हणायची, खराट्याचा हीर भोकात घालायची, पाणी परत उडायचं आणि सगळे आनंदाने किंचाळायचे. माझं काम पदरावर भागायचं. “एक दिस तोंडानं सांगशील,” एवढंच ती म्हणायची.

पुढे मी बोईसरला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. दिवसभर मोजमापं बघायची, बोलायचं कमी... मला सोयीचंच. काकी बाजाराला आली की आमच्या फ्लॅटवर यायची आणि फ्रीजरवर तुटून पडायची. स्टीलच्या ग्लासात साईची कुल्फी, ताडगोळ्याचे तुकडे घालून गोठवलेलं शहाळ्याचं पाणी, तिखटमीठ लावलेला जांभळाचा बर्फ. करवंदांची कुल्फी केली तेव्हा आमच्या दोघींच्या जिभा दोन दिवस जांभळ्या. पेरूची साफ फसली, नुसत्या बिया दाताखाली. “वाईट झालीय,” ती खूश होऊन म्हणाली, “आता पुढची चांगली होईल बग!” शेवटची आली तेव्हा जिना चढून दमली होती. तरी निघताना दारात थांबून म्हणाली, “यंदा चिकू मस्त धरलाय. मे महिन्यात संचा काढू. आन स्कूपबाय, या वर्साला तोंडानं हां.”

फोन आला त्या सकाळी तिच्यासाठी भरलेले दोन ग्लास फ्रीजरमध्ये होते. झोपेतच गेली होती. ते ग्लास मी अजून काढलेले नाहीत.

तेराव्याला संचा खाली आला. दादाने बंदरावरून बर्फ आणला, मीठ आलं, चिकूचा गर काकीच्या पद्धतीने गार दुधातच पडला. दादा फिरवायला बसला आणि बारा दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी मोठ्याने हसलं. “आई असती तर म्हनाली असती, झोपलास का!” तो म्हणाला आणि जोर लावला. जो तो पुढे सरकत होता. मीही न ठरवता नेहमीच्या जागी जाऊन बसले. धार सुरू झाली, चांगली जाड. दांडा जड व्हायला लागला. मग धार बारीक झाली... थेंब झाली... थांबली. माझा हात उजवीकडे वर गेला आणि तिथे कुणाचाच पदर नव्हता.

“दादा, थांब! पाणी थांबलं!”

सगळ्या पडवीत तो आवाज गेला. दादाने दांडा सोडला, मी स्वतः हीर घातला आणि पाणी माझ्या ड्रेसवर उडालं. वहिनी तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, “अगो बाय! तुला आवाज हाय व्हय!” सगळे हसले. मीही हसत होते, आणि तोंड उघडलंच होतं तर कांदे चिरताना अडकलेलं तेही बाहेर आलं.

“वहिनी, संचा भंगारात द्यायचा नाही. मे महिन्यात मी येते. दांडा मी फिरवणार. तुम्ही धारेपाशी बसा, आणि थांबली की मोठ्याने ओरडा.”