अण्णांचं 'सरी'

अण्णांचे मला आधी पाय दिसले. बंगळुरात कोरमंगल्यातल्या एका बंगल्यात आमची सॉफ्टवेअर कंपनी होती आणि पुण्याहून येऊन मला जेमतेम तीन दिवस झाले होते. माझं मशीन काही केल्या सुरू होईना. टेबलाखाली कुणाचे तरी दोन पाय पसरलेले, आजूबाजूला कन्नड, तमिळ आणि इंग्रजी. आपलं बोलणं इथं कुणाला कळतंय, अशा खात्रीनं मी मशीनला म्हटलं, "मेल्या, चालू हो की आता!" टेबलाखालून आवाज आला, "मेलं नाही ते, मॅडम. स्वल्प झोपलंय."

खुर्चीतून पडायचीच काय ती बाकी राहिले. मग पायांमागून माणूस बाहेर आला. पंचेचाळिशी ओलांडलेला, टक्कल पडू लागलेला, इतरांच्या खिशाला पेन असतं तिथं स्क्रूड्रायव्हर. हातात मशीनच्या मेमरीची पट्टी होती आणि ती ते शाळकरी खोडरबरानं घासत होते. घासली, फुंकर मारली, जागेवर बसवली. मशीन सुरू झालं. "तोंड धुतलं की जागं होतं," ते म्हणाले आणि दुसऱ्या टेबलाखाली गेले.

हे कृष्णोजीराव. कंपनीची सगळी मशीनं, वायरी आणि सर्व्हर त्यांच्या ताब्यात. ऑफिस त्यांना 'राव' म्हणायचं, मी अण्णा म्हणू लागले. ते मला 'पुण्याक्का' म्हणायचे. त्यांच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान असलेल्या मला अक्का का म्हणता, असं विचारलं तर म्हणाले, "पुणं मोठं ना आमच्यापेक्षा."

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं आलेलं. "मग परत का नाही गेलात?" मी विचारलं. "जा म्हणून कुणी सांगितलं नाही," अण्णा म्हणाले. जणू परवाचीच गोष्ट. त्यांच्या मराठीत 'मी जेवण केलं' नव्हतं, 'मी जेवण केलो' होतं. मी पुण्याची, त्यामुळे दुसऱ्याचं मराठी दुरुस्त करणं हा माझा जन्मसिद्ध हक्क. पहिले दोन महिने मी तो बजावला. अण्णा दर वेळी मान डोलावून म्हणायचे, "सरी." आणि पुन्हा 'केलो' म्हणायचे. आधी मला वाटायचं, माणूस 'सॉरी' म्हणतोय. किती नम्र बाई हे लोक, असं मी घरी पत्रातसुद्धा लिहिलं होतं!

शनिवारी अर्धा दिवस काम असे. जेवणं झाली की चार मशीनं जोडून आम्ही लढाईचा खेळ खेळायचो. मी, अण्णा आणि टेस्टिंगमधले दोघे. प्रत्येकानं आपलं गाव वसवायचं, लाकूड तोडायचं, खाणी खणायच्या, सैन्य उभं करायचं आणि मग एकमेकांच्या उरावर बसायचं. सामना सुरू होण्याआधी अण्णा मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. "वेळ बघत लढणारा हरतो," म्हणायचे. त्यांचा खेळ संथ. आम्ही सैन्य जमवून धावत सुटायचो, हे आपले शेतं लावत बसायचे. आम्ही दमलो की यांचे घोडे निघायचे.

एका शनिवारी मी खेळाआधीच त्यांना गाठलं. "अण्णा, आज आपली युती. तुम्ही माझी मागची बाजू सांभाळा, मी पुढं जाते." अण्णा म्हणाले, "सरी." मी निर्धास्त. सगळं सैन्य घेऊन टेस्टिंगवाल्यांवर तुटून पडले, आणि इकडं अण्णांच्या घोड्यांनी मागून येऊन माझं गाव पेटवलं. मी ताडकन उठले. "अण्णा! तुम्ही सरी म्हणाला होतात!"

"सरी म्हटलो," अण्णा शांतपणे माझं धान्याचं कोठार पाडत म्हणाले. "हो कुठं म्हटलो?"

टेस्टिंगवाले हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मग अण्णांनी मला समजावलं. बंगळुरात 'सरी' म्हणजे तुझं बोलणं कानावर आलं, आता पुढचं बोल, किंवा फोन ठेव. दुकानदार म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, बायको म्हणते. त्यात वचन नसतं. "वचन पाहिजे तर 'हो का नाही' असं विचारायचं. पुण्यात शिकवत नाहीत काय?" मीही हसले. मेलं, तेव्हा हसायला नको होतं. शहाण्यानं तेव्हाच वहीत लिहून ठेवलं असतं.

पण आमचं खरं मेतकूट जमलं ते दुसऱ्या खेळावर. तो गोष्टीचा खेळ होता. चार सोबती घेऊन निघायचं, गावं लागतात, गुहा लागतात, माणसं भेटतात, प्रत्येकाशी बोलावं लागतं, आणि वाटेत तुम्ही कुणाशी कसे वागलात त्यावर शेवट ठरतो. सगळं इंग्रजीत. अण्णांना इंग्रजी कामापुरतं यायचं, पानंच्या पानं वाचायला त्यांना फार वेळ लागे. म्हणून वाटणी झाली. "वाचायचं तू, लढायचं मी." रोज जेवणाच्या सुट्टीत सर्व्हरच्या थंडगार खोलीत दोन खुर्च्या लागायच्या. इंद्राक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दिलेलं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, मला, माझ्या पीजीतली वातड चपाती त्यांना. मी वाचून मराठीत सांगायची, माऊस त्यांच्या हातात.

एकदा एका म्हातारीची हरवलेली शेळी परत करायला अण्णांनी आम्हाला चार दिवस मागं चालायला लावलं. बक्षीस नाही, हत्यार नाही, काही नाही. मी वैतागले, "अण्णा, शेवट राहिला तिकडं आणि तुम्ही शेळ्या काय हाकताय?" अण्णा म्हणाले, "शेवट शेवटाला होत नसतो, पुण्याक्का. वाटेत होत असतो." या वाक्यावर मी तेव्हा फिदा झाले होते. आज आठवलं की पित्त खवळतं.

शेवटांबद्दल माझी स्वतःची मतं फार तिखट होती. महिनोन्‌महिने रक्त आटवायचं आणि शेवटी काय, तर चार ओळींचं अभिनंदन आणि बनवणाऱ्यांची नावं! शुद्ध फसवणूक. अण्णा म्हणायचे, लढाईच्या सामन्याचा शेवट विसरला जातो, कारण सोमवारी पुन्हा तीच माणसं. गोष्टीच्या खेळाचा शेवट एकदाच. म्हणून आठ-नऊ महिन्यांनी शेवटच्या दारापाशी पोचलो तेव्हा त्यांनी खेळ जपून ठेवला आणि मशीन बंद केलं. "आज नको. उघडलं की संपलं."

"मग कधी? आणि माझ्याशिवाय उघडायचं नाही. शेवट दोघांनी मिळून बघायचा."

"सरी."

"सरी नको. हो का नाही?"

अण्णा मोठ्यानं हसले. "हो, हो, हो. तीनदा म्हटलो. बस?"

पुढच्याच आठवड्यात ते झालं. लढाईचा खेळ चारही मशीनवर विनासायास चालावा म्हणून मी अण्णांच्या मागं लागले होते, आणि त्यांनी तो सर्व्हरवर घालून ठेवला होता. सर्व्हरचा पासवर्ड एकट्या त्यांच्याकडं. परदेशातून आलेल्या ग्राहकासमोर आमचं प्रात्यक्षिक चालू असताना सर्व्हरवर जागाच उरली नाही, आणि प्रोग्राम सगळ्यांच्या देखत बंद पडला. कारण शोधता शोधता मॅनेजरला आमची गावं, घोडे, खाणी, सगळं सापडलं. आम्हाला बोलावणं आलं. मला नोकरीत कायम व्हायला दोन आठवडे होते.

जिन्यात मी अण्णांना थांबवलं. "खरं ते सांगून टाकू. मी मागितला, तुम्ही घातलात. दोघांनी मिळून बोलू, म्हणजे दोघांनाही थोडंथोडं." अण्णांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर चाचपला. म्हणाले, "सरी."

मी आत गेले आणि माझा अर्धा भाग सांगितला. माझी चूक आहे, खेळ मी मागितला. मग मॅनेजर अण्णांकडं वळला. घातला कुणी? अण्णा जमिनीकडं बघत त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले, "मला ठाऊक नाही, सर. पासवर्ड मॅडमला दिला होता. कामासाठी म्हणून."

मला कधीच पासवर्ड दिलेला नव्हता. वाटलं, आता मान वर करतील, आता म्हणतील की चुकून बोललो. नाही केली. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. लढाईच्या खेळात युती मोडायची तर बटण दाबावं लागतं, आणि अमक्यानं तमक्याची साथ सोडली अशी ओळ सगळ्यांच्या पडद्यावर येते. तिथला दगाबाजसुद्धा सांगून दगा देतो हो! इथं तेवढंही नाही.

संध्याकाळी पाच वाजता माझं सामान एका पिशवीत मावलं. अण्णा फाटकापाशी उभे होते. "पुण्याक्का, तुला दुसरी नोकरी मिळेल. मला मिळायची नाही. मी होतो तो होसकोट्याचा कारखाना बंद पडला तेव्हा दोन वर्षं घरी बसलो मी." खरं होतं ते. खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. मला विचारलं असतं तर कदाचित मी होऊन सगळं अंगावर घेतलंही असतं. विचारायला काय जीभ झडली होती?

"जिन्यात सरी म्हणालात ना?" मी विचारलं.

"सरीच म्हटलो, अक्का," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच अक्काच्या आधी 'पुण्या' लागला नाही.

दोन महिन्यांत मला दुसरीकडं नोकरी लागली, पहिलीपेक्षा बरी. राग मात्र तसूभर कमी झाला नाही. त्या वर्षात अण्णांनी 'सरी' हजारदा म्हटलं असेल, 'सॉरी' एकदाही नाही, हे मी भेटेल त्याला सांगत सुटले होते. गोष्टीचा कुठलाही खेळ पुन्हा लावला नाही. सोबती निवडा, असं पडद्यावर आलं की नको वाटायचं.

दीड वर्षानं माझ्या नव्या ऑफिसात फोन आला. "पुण्याक्का? मी." आवाज खोल गेला होता. प्रकृती बिघडल्यामुळे त्यांनी काम सोडलं होतं. कंपनीनं जुनी मशीनं काढली, त्यातलं सर्व्हरच्या खोलीतलं आमच्या खेळाचं मशीन त्यांनी बनशंकरीला घरी नेलं होतं. "खेळ तसाच आहे. दार उघडलेलो नाही. एका रविवारी ये. शेवट बघू. हो म्हटलो होतो ना मी."

बरोबर. तिथं ते 'हो' म्हणाले होते. माझ्या नोकरीचा प्रश्न आला तेव्हा 'सरी', आणि खेळाच्या दाराला तीन-तीनदा 'हो'! माझं डोकंच फिरलं. पण आवाज अगदी गोड ठेवून मी म्हटलं, "सरी, अण्णा."

पलीकडं ते हसले. "सरी, सरी," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना कळलं, असं मी धरून चालले. घोडे मागून कसे येतात ते कळू दे एकदा. तो सबंध दिवस मी खुशीत होते. संध्याकाळी मैत्रिणीला बोलावून हा किस्सा रंगवून सांगितला.

गेले नाही. एकही रविवार नाही.

सात-आठ महिन्यांनी टेस्टिंगमधल्या एकानं फोन करून सांगितलं की राव गेले. तेराव्यानंतर मी बनशंकरीला गेले. का गेले ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. इंद्राक्कांना मी पहिल्यांदाच पाहत होते, पण दार उघडताच त्या म्हणाल्या, "पुण्याक्का ना तू? ये." बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात ते मशीन होतं, वर धुतलेला टॉवेल घातलेला. समोर दोन खुर्च्या.

"दर रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे बघ," इंद्राक्का म्हणाल्या. "दोन खुर्च्या स्वतः मांडायचे. मी चित्रान्न करायची. संध्याकाळ झाली की म्हणायचे, पुढच्या रविवारी येईल."

"मी येते असं म्हटलं नव्हतं, अक्का. मी नुसतं..."

"सरी म्हणालीस. सांगितले ना मला. मी म्हटलं, अहो, सरी म्हणाली तर वाट काय बघता? तर मलाच हसले. म्हणाले, सरी आपलं वेगळं. ती पुण्याची आहे. पुण्याचं माणूस सरी म्हटलं म्हणजे हो."

त्यांनी माझ्याविषयी खोटं सांगितलं, तो राग अजून माझ्या मनात आहे आणि मेलेल्या माणसाला सगळं माफ असतं असं मी मानत नाही. पण त्यांच्या 'सरी'पायी माझे दोन महिने गेले. माझ्या 'सरी'पायी त्यांचे किती रविवार गेले, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

इंद्राक्कांनी टॉवेल काढला. "लावून बघ की. तुझ्यासाठीच ठेवलंय." मशीन एका दमात सुरू झालं. ते चौघे सोबती अजून दारापाशी उभे होते. खाली एक ओळ आणि दोन चौकटी, 'हो' आणि 'नाही'. 'सरी' म्हणायची सोय त्या खेळात नव्हती.

"काय लिहिलंय गं?" इंद्राक्कांनी विचारलं.

वाचायचं काम माझंच होतं. मी मराठीत सांगितलं, "दार उघडायचं का, असं विचारतंय."

"मग उघड."

माऊस दुसऱ्या खुर्चीसमोर होता. मी मशीन बंद केलं.

"नको, अक्का. दोघांनी बघायचा ठरला होता. अण्णा हो म्हणाले होते. तीनदा."