मनुकांच्या पावातलं विश्व

बेकरीवाल्याला एक खोड होती. काहीही समजावायचं, तर बेकरीतलंच काहीतरी पुढे करायचं. ताप म्हणजे भट्टी, पोट म्हणजे पीठ मळायचं यंत्र. बायको म्हणायची, "अहो, माणसाला कधीतरी माणूस म्हणा!"

एकदा सात वर्षांच्या लेकीनं विचारलं, "बाबा, विश्व पसरतं म्हणजे काय?"

झालं! स्वारी खूश. मनुका घातलेला पिठाचा गोळा तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "एकेक मनुका म्हणजे ताऱ्यांचा एकेक जथा. गोळा फुगला की मनुका एकमेकींपासून लांब जातात. तसंच."

"आपण कुठल्या मनुकेवर?"

"ही समज," त्यानं एक दाखवली.

आणि तिथंच माशी शिंकली. गोळा फुगलाय का, हे बघायला त्यानं सवयीनं त्यात बोट खुपसलं. पोरगी किंचाळली, "बाबा, शेजारचे मेले!"

त्या दिवसापासून तिनं मनुकांचा पाव सोडला. शिवाय दुकानात उभी राहून गिऱ्हाइकांना बजावायची, "हळू चावा हं, आत शाळा आहे." एका म्हाताऱ्या पोस्टमननं तर पाव गुपचूप परत ठेवला आणि टोस्ट नेले. गिऱ्हाइकं गेली खड्ड्यात! पण आपल्या हातचा पाव आपलीच लेक खात नाही, हे बिचाऱ्याच्या जिवाला फार लागलं.

मग दुरुस्ती सुरू. फुगा आणला, त्यावर ठिपके काढले. "विश्व असं बघ," म्हणत फुगवायला लागला, आणि फट्! पोरीनं असं भोकाड पसरलं की आई धावत आली.

"आता काय, प्रेशर कुकर?" ती म्हणाली.

"तसं बघितलं तर कुकर..."

"खबरदार!"

तो निमूटपणे लेकीशेजारी जमिनीवर बसला. जिभेच्या टोकावर केक आला, बिस्किटं आली. त्यानं सगळं गिळलं.

"बाळा, विश्व पावासारखं नाहीच."

"मग कशासारखं?"

त्याचे कान लाल झाले. "खरं सांगू? मला नाही ठाऊक."

 पोरगी डोळे पुसून कडाडली, "ठाऊक नव्हतं, तर मला दहा दिवस उपाशी का ठेवलंस?"

आणि तिनं मनुकांच्या पावाचे दोन जाड तुकडे मागितले, वर भरपूर लोणी लावून.