पालीची पसंती

पंचगंगेच्या घाटाकडं उतरताना मासेमारीचे गळ विकणाऱ्या एकाचं टपरीएवढं दुकान लागतं. कोंबड्याचं पीस दोऱ्यानं गळावर गुंडाळून तो माशी बनवतो. मासे ती खरी समजून तोंड उघडतात म्हणे. मी मासे धरत नाही, नुसता बघत टेकतो. त्याचं बोलणं मात्र पलीकडच्या काठाला ऐकू जावं असं.

नवी माशी झाली, की तो नमुन्याच्या गळाचं टोक पकडीनं मोडायचा आणि ती दोऱ्याला बांधून ट्यूबलाइटजवळ नाचवायचा. तिथल्या पालीनं झडप घातली, की माल पास.

"गिऱ्हाईक काय, कशालाबी भुलतंय. पालीला पसंत पडली पायजे की!"

परवा बोलण्याच्या नादात तो टोक मोडायचं विसरला. पालीनं झडप घातली आणि ती तशीच दोऱ्याला लोंबकळायला लागली. मी ओरडलो. तिला तळहातावर घेऊन त्यानं जबड्यातला गळ हलकेच सोडवला, तिला भिंतीला लावलं. ती कॅलेंडरमागं पळाली.

मग मला काही कळायच्या आत त्यानं तोच गळ स्वतःच्या अंगठ्यात खुपसला.

"अहो, काय करताय!"

"किती लागतंय बघतो की," म्हणाला आणि गळ उलटा ओढताना असा बोंबलला, की शेजारचा चहावाला धावत आला.

पिसांवर रक्त टपकत होतं आणि हा कॅलेंडरकडंच बघत होता. त्याला इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"ती साधी चुकचुकली पण न्हाय की, पावणं."